कै. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर आणि नभोवाणी

पुण्यात मंडईवरून शनिपाराकडे चालू लागले म्हणजे थोड्याच अंतरावर भारत गायन समाज ही संस्था लागते. एकीकडे भाजीच्या पाट्या उतरविणाऱ्यांचा गलबला आणि दुसरीकडे तंबोऱ्याचा षड्ज, असे या परिसराचे दुहेरी वैभव आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी १९११ साली हा समाज स्थापन केला. त्यांच्या पश्चात त्याची धुरा ज्यांनी वाहिली, ते त्यांचे पट्टशिष्य म्हणजे कै. मास्तर कृष्णराव. त्यांच्या लडिवाळ गायकीची वर्णने आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलीच असतील. परंतु हाच गायक एका गीतासाठी सरकारी नभोवाणीशी अबोला धरून बसला होता, हे तरुण मंडळींपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीस झाला. नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून त्यांनी तोंडास रंग लावला व पुढे भास्करबुवांसारखा गुरू त्यांना लाभला. १९२२ साली बुवा निवर्तले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’ आदी नाटकांच्या चाली शिष्याने बांधल्या. बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली, तेव्हा ते ‘प्रभात’कडे वळले. ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे त्यांनी संगीत दिलेले चित्रपट. हे सारे सर्वश्रुत असल्याने येथे अधिक विस्तार करीत नाही.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे हा सारा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९३६ साली त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. सत्ता इंग्रजांची असल्यामुळे राष्ट्रीय भावनेचा एक शब्दही तेथून बाहेर पडू नये, असा कटाक्ष असे. त्या काळी कलावंत गात असे त्याच क्षणी त्याचे गाणे घरोघरी पोहोचत असे. मात्र मध्ये कळ फिरवली की तो आत गातच राही आणि बाहेर शांतता पसरे. मुंबई केंद्रावरील एका कार्यक्रमात कृष्णरावांनी अखेरीस ‘वंदे मातरम्’ आरंभिले. तोच अधिकाऱ्यांनी क्षेपण तोडले! कृष्णरावांनी तेथेच निषेध केला, आणि हे गीत गाऊ देत नाहीत तोवर नभोवाणीवर गाणार नाही असा निर्धार करून ते बाहेर पडले.

हा निर्धार सोपा नव्हता. नाटकाचा आश्रय तुटलेल्या गवयास नभोवाणी हे मानधनाचे आणि कीर्तीचेही मोठे साधन होते. तो मार्ग त्यांनी आपल्या हाताने बंद केला, आणि तोही चार-दोन महिन्यांपुरता नव्हे, वर्षानुवर्षे.

या गीतासंबंधी देशातही मतभेद होते, हे विसरून चालणार नाही. १९२३ साली काकीनाडा काँग्रेसमध्ये पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी अध्यक्षांच्या हरकतीस न जुमानता ते गाइले होते. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने सभांतून पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले, ते याच मतभेदांमुळे. तो प्रश्न विचारविनिमयाने सुटण्याजोगा होता. गायकाचा आवाज कापून नव्हे. आणि कृष्णरावांच्या मनात कोणा धर्माविषयी आकस होता असे कोणी म्हणू लागल्यास त्याने ‘शेजारी’ पाहावा. हिंदु-मुसलमान स्नेहाची ती कथा १९४१ साली सुरांनी नटविली, ती याच गृहस्थाने.

पुढे नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे आले आणि बंदी उठली. १९४७ साली कृष्णराव पुन्हा नभोवाणीवर गाइले, ते ‘वंदे मातरम्’च.

एवढ्याने ते थांबले नाहीत. हेच राष्ट्रगीत व्हावे म्हणून त्यांनी झिंझोटी रागात, समूहास सहज गाता येईल अशी चाल बांधली. वाद्यवृंदावर हे गीत नीट वाजत नाही, हा मुख्य आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत तो स्पष्ट मांडला. आक्षेपाला उत्तर भाषणाने नव्हे, स्वरलेखनाने द्यावे, असे या गवयाला वाटले. बँडवर वाजेल अशी रचना सिद्ध करून त्यांनी दिल्ली गाठली व तेथे तिचे प्रात्यक्षिक घडविले. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले व ‘वंदे मातरम्’ला समान मानाचे स्थान दिले. कृष्णरावांना हवे ते सर्व मिळाले नाही, हे उघडच आहे.

तरीही हाती घेतलेली कामे चालूच राहिली. रागसंग्रहाचे भाग निघत गेले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते कालवश झाले. शनिपाराजवळच्या समाजात गायनाचे वर्ग अद्याप भरतात.