घरोघरी दंतमंजन विकणारे केशव पेंढरकर

महाराष्ट्रात दात घासायला तेव्हा राखुंडी होती, मीठ होतं, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी होती आणि पुष्कळ घरांत तंबाखूची मिश्री. टूथपेस्ट ही शहरातल्या पैसेवाल्यांची वस्तू, तीही बहुतेक परदेशी नावाची. अशा काळात नागपुरातलं किराणा दुकान सोडून केशव विष्णू पेंढरकर मुंबईत आले आणि परळमध्ये कुटुंबासह राहू लागले. १९५२ मध्ये त्यांनी विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. ‘विको’ हे नाव त्यातूनच आलं. सुरुवातीचा कारखाना म्हणजे राहती जागाच. बाभूळ, जांभूळ, लवंग, मंजिष्ठा, दालचिनी अशा वनस्पतींचं चूर्ण तयार व्हायचं आणि पेंढरकर व त्यांची मुलं ते पिशवीत घालून दारोदार विकायची.

मंजन चांगलं की वाईट, हे ठरवायची रीत तेव्हा एकच होती. गिऱ्हाईक पुन्हा डबा मागतं का, ते बघायचं. धंद्याला एवढी परीक्षा पुरते. दाताला मात्र ती पुरत नाही.

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ राबलेला माणूस बाहेर येऊन जारचं गार पाणी तोंडाला लावतो आणि दातात सणक जाते. का? दाताच्या कठीण आवरणाखाली जो थर असतो, त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात. हिरडी खाली सरकली किंवा आवरण झिजलं की या नळ्या उघड्या पडतात. गार, आंबट, गोड काही लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि आतली नस चाळवते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी ही गोष्ट पक्की केली, म्हणजे पेंढरकरांचं मंजन बाजारात आल्यानंतर. बाभळीच्या सालीतला तुरटपणा हिरड्या आवळतो, लवंगेतलं तेल थोडा वेळ बधिरपणा आणतं. हे खरं असलं तरी उघड्या नळ्या बुजणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय कोणतंही भरड चूर्ण बोटाने जोरात घासलं तर दाताचं मूळ उलट झिजतं. राखुंडीने पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं.

सणकेवरच्या पेस्ट दोन वाटांनी काम करतात. पोटॅशियम नायट्रेट नस शांत करतं. स्ट्रॉन्शियम किंवा स्टॅनसचे क्षार नळ्यांची तोंडं बुजवतात. त्यांची परीक्षा घेताना दातावर गार हवेचा झोत सोडतात, टोकदार सळईने हलकं खरवडतात आणि रुग्णाला कळ किती आली ते आकड्यात सांगायला लावतात. मग चार आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. निम्म्यांना साधी पेस्ट दिलेली असते. कोणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं. गंमत अशी, की साध्या पेस्टवाल्यांनाही बऱ्यापैकी आराम पडतो. औषध मिळालंय या विश्वासाने, आणि थोडा नीट घासू लागल्यानेही. म्हणूनच ‘मला गुण आला’ एवढ्यावर दंतशास्त्र भुलत नाही. दारावर डबा परत मागणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. त्याच्या आरामातला किती वाटा मंजनाचा, एवढंच त्यातून कळत नव्हतं.

पेंढरकरांचा मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. तो धंद्यात आला, चूर्णाच्या जोडीला पेस्ट आली, पुढे डोंबिवली आणि नागपूरला कारखाने उभे राहिले. केशव पेंढरकर १९७१ मध्ये गेले. दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी वज्रदंती घराघरात पोचली, ते पाहायला ते नव्हते.

त्यांच्या मागे एक मोठा वाद रंगला. हे मंजन औषध की सौंदर्यप्रसाधन? अबकारी खात्याच्या मते प्रसाधन, म्हणजे कर जास्त. कंपनी म्हणे आयुर्वेदिक औषध. वर्षानुवर्षं चाललेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयापुढचा प्रश्न कराच्या वर्गवारीचा होता. दातातली सणक किती कमी होते, हे तिथे कोणी मोजायला बसलं नव्हतं.