बुद्धिबळपटू ब्लॅकबर्न

इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे १० डिसेंबर १८४१ रोजी जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न याचा जन्म झाला. लहानपणी तो ड्राफ्ट्स हा पटावरचा सोपा खेळ खेळे. पुढे पॉल मॉर्फी या अमेरिकन तरुणाने यूरोपातील नामांकित बुद्धिबळपटूंना हरविल्याची वार्ता सर्वत्र पसरली. तिने ब्लॅकबर्नचे मन वेधून घेतले आणि वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी तो बुद्धिबळाकडे वळला.

१८६१ साली लुई पॉल्सेन हा ख्यातनाम खेळाडू मँचेस्टरला आला. पटाकडे न पाहता, प्रतिपक्षाची खेळी नुसती ऐकून, तो एकाच वेळी अनेकांशी खेळत असे. त्याच्याकडून हरलेल्यांत ब्लॅकबर्नही होता. परंतु या पराभवातूनच त्याने स्फूर्ती घेतली. ही विद्या आपणही हस्तगत करावयाची, असा त्याने निश्चय केला आणि अल्पावधीतच तो न पाहता दहा डाव एकदम खेळू लागला. एका डावात आरंभी बत्तीस मोहरी असतात. दहा पटांवरील तीनशेवीस मोहऱ्यांची जागा मनात धरून ठेवावयाची आणि प्रत्येक खेळीबरोबर ते चित्र बदलावयाचे! केवढी ही एकाग्रता!

१८६२ साली तो लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळला. या स्पर्धेपायी त्याला नोकरीस मुकावे लागले. तेव्हा बुद्धिबळ हेच त्याने चरितार्थाचे साधन केले. तो मार्ग सुखाचा नव्हता. गावोगाव हिंडावे, एकाच वेळी अनेक लोकांशी खेळावे आणि मिळेल त्या मानधनावर निर्वाह करावा, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याचा खेळ धाडसी आणि स्वभाव विनोदी असल्यामुळे लोक त्याच्यावर लुब्ध होत.

१८७३ साली व्हिएन्ना येथील स्पर्धेत त्याने विल्हेल्म स्टाइनिट्झशी बरोबरी साधली. मात्र निर्णायक डावांत त्याला हार पत्करावी लागली. तरीही त्याच्या खेळाची अशी दहशत बसली, की मध्ययुगात यूरोप उजाड करणाऱ्या प्लेगच्या साथीवरून त्याला ‘काळा मृत्यू’ हे टोपणनाव मिळाले. पुढे १८७६ साली याच स्टाइनिट्झने त्याला सामन्यातील सातही डावांत हरविले. दुसरा एखादा खचून गेला असता. ब्लॅकबर्नने मात्र १८८१ साली बर्लिनच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा त्याचे तब्बल तीन गुण अधिक होते.

वार्धक्यातही त्याची बुद्धी तल्लख राहिली. १९१४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने निम्झोविच या तरुण खेळाडूवर मात केली. त्या सुंदर डावाबद्दल त्याला खास पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत त्याने पहिल्या स्थानाची बरोबरी साधली. परंतु प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे निर्णायक सामना त्याला खेळता आला नाही.

१ सप्टेंबर १९२४ रोजी तो मरण पावला. जागतिक संघटनेने ‘ग्रँडमास्टर’ हा किताब देण्यास १९५० साली आरंभ केला, त्यामुळे तो ब्लॅकबर्नला लाभला नाही. परंतु हरलेला डाव विसरून पुन्हा उमेदीने पटावर मोहरी मांडणारा हा खेळाडू त्या मानास सर्वथैव पात्र होता, यात शंका नाही.