हेलन केलर आणि तिच्या बाई

सज्जनहो, हेलन केलरची कथा आम्ही उत्तररंगात कित्येक वर्षे सांगत आलो. हापशाखाली आंधळ्या-बहिऱ्या पोरीचा हात धरला, पाणी आले, पोरीला शब्दाचे ज्ञान झाले, की श्रोते डोळे पुशीत आणि आम्ही आटोपते घेत असू. पुढे चरित्र नीट वाचले तेव्हा आमचे आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. एका क्षणाचा चमत्कार सांगून आम्ही जिने राबून तो क्षण आणला तिलाच गाळीत होतो. ती चूक येथे दुरुस्त करतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथे टस्कंबिया गावी 27 जून 1880 रोजी हेलनचा जन्म झाला. वडील कॅप्टन आर्थर केलर पूर्वी फौजेत होते, पुढे वर्तमानपत्र चालवीत. मूल एकोणीस महिन्यांचे झाले आणि कडक ताप भरला. ताप उतरला म्हणून घरची माणसे आनंदली. पण लवकरच कळून चुकले की पोरीला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. ऐकू येणे गेले तसे नुकते उमटू लागलेले बोलही गेले. एकच मोडका बोल राहिला. पाण्याला ती वा-वा असे काहीतरी म्हणे. हा बोल ध्यानात असू द्या.

पोर मठ्ठ नव्हती हो! साठेक खुणा तिने आपल्या आपणच बसविल्या होत्या. पाव हवा असला तर सुरीने काप काढल्यासारखे हात चालवायचे. स्वयंपाकिणीची लेक मार्था ही तिची सोबतीण. तिला त्या खुणा कळत. पण खुणेने मनातले किती सांगणार? सांगता आले नाही की लाथा झाडणे, लोळण घेणे. एकदा तिने आईला कोठीत कोंडून बाहेरून किल्ली फिरवली. धाकट्या बहिणीचा पाळणा उलथून टाकला. आईने वेळेवर झेलले म्हणून ते अर्भक वाचले.

डिकन्स नावाच्या इंग्रज ग्रंथकाराच्या प्रवासवर्णनात आईने लॉरा ब्रिजमन या आंधळ्या-बहिऱ्या मुलीची हकीकत वाचली होती. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत ती मुलगी शिकली होती. आई-बापांनी आधी डोळ्यांचा वैद्य गाठला, त्याने टेलिफोन काढणाऱ्या ग्रॅहम बेल साहेबांकडे धाडले, त्यांनी पर्किन्सचे नाव सांगितले. तेथून शिक्षिका म्हणून आली ॲन सलिव्हन. वय वर्षे वीस, पगार महिना 25 डॉलर.

आता या बाईंचे पूर्ववृत्त ऐका, कारण आम्ही गाळीत होतो ते हेच. बाप आयर्लंडहून आलेला, घरी अठरा विश्वे दारिद्र्य. पाचव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांत खुपऱ्या होऊन दृष्टी अधू झाली. आठव्या वर्षी आई गेली. 1876 मध्ये ॲनला आणि तिच्या धाकट्या भावाला ट्यूक्सबरी येथल्या निराधारांच्या सरकारी घरात नेऊन ठेवले. भाऊ जिमी लंगडा, आजारी. काही महिन्यांत तो तेथेच वारला. पोर एकटी राहिली, आणि तिच्या मनाने एकच घेतले की शाळेत जायचे. 1880 मध्ये सरकारी तपासणीची मंडळी आली, तेव्हा ही दृष्टी नसलेली मुलगी धडपडत त्यांच्या पुढ्यात गेली आणि शाळेत पाठवा म्हणून तिने गळ घातली. चौदा वर्षांची घोडी, आणि स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते! पर्किन्समध्ये शस्त्रक्रिया होऊन थोडी दृष्टी परत आली. तेथेच प्रौढ झालेल्या लॉरा ब्रिजमनशी बोलता यावे म्हणून तिने बोटांची लिपी आत्मसात केली. 1886 मध्ये वर्गात पहिली येऊन ती बाहेर पडली. अंधार म्हणजे काय, हे या गुरूला कोणी शिकवावे लागले नव्हते.

3 मार्च 1887 रोजी बाई टस्कंबियाला पोचल्या. पर्किन्सच्या मुलांनी दिलेली बाहुली त्यांनी हेलनच्या हाती ठेवली आणि तळहातावर बोटांनी तिचे नाव लिहिले. पोरीने ते हुबेहूब गिरवून दाखवले. पण तो बोटांचा खेळ झाला. जेवणाच्या वेळी पोर सर्वांच्या ताटांत हात घाली, आणि घरची माणसे दयेपोटी गप्प बसत. बाईंनी आपल्या ताटात हात घालू दिला नाही. घरच्यांना बाहेर काढून दार लावले आणि चमच्याने खायला लावले. मोठी झोंबाझोंबी झाली. पोरीने बाईंचा एक दातही पाडला. बाईंनीही तिला चापट मारलेली आहे, ती आम्ही लपवीत नाही. आमच्या पाठशाळेतही छडी होती. पण छडी मारून गुरुजी घरी जात. या बाई रात्रंदिवस शिष्येपाशी राहिल्या. बागेतल्या लहान घरात सुमारे दोन आठवडे दोघींनीच राहायचे असे त्यांनी ठरविले. पोरीला ठिकाण कळू नये म्हणून गाडीतून लांबचा फेरा घालून तिला तेथे आणले. तेथे ती निवळली.

हा सारा महिना बाई तिच्या तळहातावर शब्दामागून शब्द लिहीत होत्या. पोर गिरवी आणि विसरे. लहानपणी आम्ही अमरकोश असाच घोकला. पाण्याची वीसांहून अधिक नावे एका दमात म्हणत असू, आणि शेजारी नदी वाहते आहे तिच्याशी त्यांचा काही संबंध आहे हे आमच्या गावीही नव्हते.

5 एप्रिल 1887. पेला आणि त्यातले पाणी यांत पोरीचा घोटाळा होत होता. शिकवण्याने चिडून तिने नवी बाहुली आपटून फोडली. तिला त्याचे काहीच वाटले नाही. बाई तिला विहिरीवर घेऊन गेल्या. एका हातावर हापशाचे गार पाणी सोडले आणि दुसऱ्या हातावर वॉटर ही पाच अक्षरे लिहिली, आधी सावकाश, मग भरभर. पोर एकाएकी स्तब्ध झाली. तो मोडका वा-वा कोठेतरी आत हलला असावा. हातावरून वाहते आहे त्याचेच हे नाव, आणि प्रत्येक वस्तूला असेच नाव असते, हे तिला उमगले. घरी परतताना हाताला लागेल त्याचे नाव ती विचारीत सुटली.

आम्ही येथे थांबत असू. पण खरी गोष्ट तर पुढची! घरात पाऊल टाकताच तिला फोडलेली बाहुली आठवली. चाचपडत जाऊन तिने तुकडे गोळा केले, जोडून पाहिले, ते जुळेनात, आणि तिचे डोळे भरून आले. पश्चात्ताप म्हणून काही असतो हे त्या जिवाला त्या दिवशी प्रथम कळले.

वस्तूंची नावे सोपी. विचार करणे ही वस्तू हातात कशी द्यावी? पोर मणी ओवीत होती, चुकत होती, मन लावून बसली होती. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून तो शब्द लिहिला. पोरीला लगेच कळले की डोक्यात आत्ता चालले आहे त्याचेच हे नाव. नदीकाठच्या मातीचे डोंगर-दऱ्या करून त्यांनी भूगोल शिकविला.

कीर्ती पसरली तसा संशयही आला. अकरा वर्षांच्या हेलनने एक गोष्ट लिहून पर्किन्सच्या प्रमुखांना पाठविली, ती 1892 मध्ये छापली गेली, आणि दुसऱ्या एका बाईंच्या जुन्या गोष्टीशी फार जुळते असे निघाले. कधीतरी कोणी हातावर वाचून दाखविलेले मनात राहिले होते. चौकशी बसली. सलिव्हनबाईंना खोलीबाहेर काढून त्या मुलीला एकटीला प्रश्न विचारले. मोठमोठ्या पंडितांनाही ऐकलेले कोणते आणि आपले कोणते हे सांगता येत नाही. आम्हां कीर्तनकारांची तर गोष्टच सोडा. हेलन सुटली, पण त्यानंतर कल्पित गोष्टी लिहिण्याची तिला धास्तीच बसली.

1900 मध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजात गेली. प्रत्येक व्याख्यानास बाई शेजारी बसून शब्दन् शब्द तिच्या हातावर लिहीत. बहुतेक पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती. तीही बाईंनीच वाचून हातावर उतरवायची, आपल्या अधू डोळ्यांनी, रोज चार-पाच तास. डॉक्टर संतापले. मग हेलन काय करी? हा भाग पुन्हा वाचू का, असे बाईंनी विचारले तर ध्यानात नसतानाही ध्यानात आहे असे खोटेच सांगे. 1904 मध्ये हेलन सन्मानाने पदवीधर झाली. बाईंनी तितकीच व्याख्याने ऐकली होती, पण पदवी एकटीलाच मिळाली.

पुढे हेलनबाईंनी ग्रंथ लिहिले, मजुरांची आणि स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेतली, 1924 पासून अमेरिकेतील अंधांच्या संस्थेसाठी निधी जमविला. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, 1955 मध्ये, त्या आपल्या देशातही येऊन गेल्या. तेव्हा सोबतीला पॉली थॉमसन होत्या, सलिव्हनबाई नव्हत्या.

बाईंचे डोळे दिवसेंदिवस गेले. अखेरीस काहीच दिसेनासे झाले. 20 ऑक्टोबर 1936 रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचा हात हेलनबाईंच्या हातात होता. एकोणपन्नास वर्षे त्याच हातांवर दोघींचे बोलणे झाले होते. बाईंच्या अस्थी वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये ठेवल्या. हेलनबाई 1 जून 1968 रोजी गेल्या, आणि त्यांच्या अस्थीही तेथेच, बाईंच्या शेजारी ठेविल्या आहेत.