सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : पावसाच्या पाण्याचा हिशोब मांडणारा अभियंता



१५ सप्टेंबर जवळ आला की शाळेत अभियंता दिनाची तयारी सुरू होते. परिपाठात विश्वेश्वरय्यांची दोन मेणबत्त्यांची गोष्ट ठरलेलीच असते. गोष्ट चांगली आहे, पण हा माणूस नेमकं काय काम करायचा, हे मुलांना त्यातून कळत नाही. म्हणून आज त्यांच्या कामाविषयी.

बालपण आणि शिक्षण

कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लवकर वारले. बेंगळुरूला मामांच्या आधाराने, शिकवण्या घेत घेत ते १८८१ मध्ये बी.ए. झाले. पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले आणि १८८३ च्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला त्यांची नेमणूक झाली. म्हणजे त्यांची उमेदवारी आपल्याच मातीत झाली बघा! १९०३ मध्ये खडकवासला तलावावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि जादा पाणी सुटायचं.

हैदराबादचा पूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो घरं पडली, असंख्य माणसं वाहून गेली. विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशात होते. नोकरी सोडलेली होती, पण निजाम सरकारचं बोलावणं आलं आणि त्यांनी काम स्वीकारलं.

नदीकाठी उंच भिंत बांधा, असं सांगून ते मोकळे झाले असते. तसं त्यांनी केलं नाही. आधी पाणी आलं कुठून, ते शोधलं. शहराच्या वर नदीला किती जमिनीचं पाणी मिळतं, त्या दिवसांत कुठे किती पाऊस झाला, पूर कुठवर चढला, हे सगळं तपासलं. त्या भागात ७८८ लहानमोठे तलाव होते. पावसाने त्यांतले कितीतरी एकामागून एक फुटले आणि पुरात भर पडली.

आता गणित करून पाहा. एक चौरस मैल जमिनीवर फक्त एक इंच पाऊस पडला, तर पाणी होतं सुमारे साडेसहा कोटी लीटर! आणि मुसीला मिळणारं क्षेत्र आठशे चौरस मैलांहून जास्त.

शहराच्या वरच पाणी अडवायचं आणि नदीला पेलेल तेवढंच खाली सोडायचं, हा त्यांचा उपाय. त्यातूनच पुढे मुसीवर उस्मान सागर (१९२०) आणि ईसीवर हिमायत सागर (१९२७) उभे राहिले. शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही त्यांनी आखली, कारण नदी आवरली तरी गल्लीतलं पाणी तसंच राहतं.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये शंभरी पार करून ते गेले.

आजचं सॉफ्टवेअर आणि जुना धडा

आज पावसाळी गटारांचं जाळं आखायला अभियंते संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरतात. जमिनीचा नकाशा, उतार, पावसाचा जोर भरला की कुठे किती व्यासाचा पाइप हवा ते कळतं. आतलं मूळ गणित मात्र साधं आहे : क्षेत्रफळ गुणिले पावसाचा वेग गुणिले वाहून जाणारा हिस्सा. पत्र्यावरचं जवळजवळ सगळं पाणी वाहून जातं, गवताच्या मैदानावरचं थोडंच. बाकीचं मुरतं.

चूक होते ती इथेच. मैदानावर काँक्रीट झालं आणि आकडा जुनाच राहिला, तर पाइप अपुरा पडणार. संगणक आपण दिलेल्या आकड्यावरच चालतो. हैदराबादमध्येच ऑक्टोबर २०२० मध्ये अनेक वस्त्यांत पाणी शिरलं. शहर वाढलं, जमीन झाकली गेली, नाले-तलाव आक्रसले. एकदा केलेला हिशोब कायमचा पुरत नाही, तो पुन्हा मांडावा लागतो.

वर्गात करून पाहा

मुलांना वर्गाचं छप्पर मोजू द्या. समजा १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटर. एका तासात २० मिलिमीटर पाऊस झाला तर १२०० लीटर पाणी, म्हणजे दर मिनिटाला २० लीटर. मिनिटाला एक मोठी बादली! चार वर्गांचं पाणी एकाच पन्हळीत आलं तर मिनिटाला चार बादल्या. मग विचारा, आपली पन्हळ एवढं पाणी नेईल का? आणि ते पाणी पुढे जातं कुठे?

पालकांनीही घरी हा प्रयोग जरूर करावा. या वर्षी परिपाठात मेणबत्तीच्या गोष्टीबरोबर हे गणितही होऊ द्या. आपल्या गल्लीत पाणी का तुंबतं, हे मोजून सांगणारं एक मूल तयार झालं, तरी अभियंता दिन साजरा झाला म्हणायचं.