डार्विनची काळी गुंडी

तिवसा येथे मी भूगोल शिकवीत असे. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर म्हणजे निवालेला ज्वालामुखी आणि तिथली काळी काच त्याचीच, असे मी मुलांना कित्येक वर्षे सांगितले. आपल्या वऱ्हाडात खाली सगळा लाव्हारसाचाच काळा पाषाण. शंका तरी कशी यावी? चूक कळली तेव्हा फार ओशाळलो. त्याच सुमारास चार्ल्स डार्विनचे चरित्र वाचले आणि धीर आला.

डार्विन १८०९ साली इंग्लंडात श्रूजबरीला जन्मला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण शस्त्रक्रिया पाहून तो पळालाच. धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिजला धाडले, तर तिथे किडे गोळा करीत बसला. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावर चढला, तो पाच वर्षांनी परतला.

ऑस्ट्रेलियाचे मोजणी अधिकारी थॉमस मिचेल यांनी त्याला गुंडीसारखी एक काळी काच दिली होती. ती रेताड मैदानात सापडली होती. शेकडो मैलांत ज्वालामुखी नव्हता. तरीही १८४४ च्या पुस्तकात डार्विनने ती ज्वालामुखीतून उडालेली ठरविली.

वास्तविक सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला. वितळलेली माती-खडक आकाशात उडून गोठले, काच झाली आणि खाली येताना पुन्हा वितळून तिला गुंडीचा आकार आला. ज्वालामुखीच्या काचेच्या मानाने हिच्यात पाणी अगदी नगण्य. घटक मात्र जमिनीवरच्या गाळाचे.

लोणारला अशनी काळ्या पाषाणावर पडला, म्हणून तिथली काच त्याच घटकांची. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तळाखालच्या खडकांत प्रचंड दाबाने काच झालेले स्फटिक दाखविले. एवढा दाब ज्वालामुखीत येत नाही. वाद मिटला.

उत्क्रांतीचा ग्रंथ १८५९ मध्ये देणारा हा माणूस इतरत्रही चुकला होता. स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉय खोऱ्यातील पायऱ्या समुद्राने कोरल्या, असे त्याने १८३९ मध्ये मांडले. त्या हिमनदीने अडविलेल्या सरोवराच्या निघाल्या, तेव्हा त्याने मोकळेपणी चूक कबूल केली. गुंडीची चूक कळण्याआधीच, १८८२ मध्ये, तो गेला.

मला मात्र माझी चूक जिवंतपणी कळली. एसटी स्टँडवर जुना विद्यार्थी भेटला की मी त्याला थांबवतो आणि लोणारचा तो धडा खोडून टाकायला सांगतो. तो हसतो, पण ऐकतो.