सेर्दाचं अंगण

टाउन प्लॅनिंग हा आमच्या सिव्हिलच्या पोरांचा आदल्या रात्री वाचायचा विषय. गणितं नाहीत, डिझाइन नाही, नुसती थिअरी! मीही तो तसाच वाचणार होतो. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि बाबांनी एक काम सांगितलं. आजीचे गुडघे पार गेलेत, जिना चढवत नाही, तिला खाली एक खोली हवी. घराच्या मागे कंपाउंडपर्यंत तीन मीटर जागा मोकळी आहे, तिथे खोली काढायची. मुलगा सिव्हिलला म्हटल्यावर प्लॅन कोण काढणार? मीच! ती जागा रिअर मार्जिन आहे, तिथे बांधता येत नाही, असं मी ऐटीत सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. मला गच्चीवर घेऊन गेले आणि ओळीतली चार घरं दाखवली. चारही घरांच्या मागे खोली होती.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोक्यात तो भुंगा घेऊनच कॉलेजला परतलो आणि टर्मवर्कसाठी लायब्ररीत पुस्तकं चाळताना बार्सिलोना शहराचा विमानातून काढलेला फोटो दिसला. मैलोगणिक सारखे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाचे कोपरे छाटलेले, ताटात बर्फीच्या वड्या मांडाव्यात तसे. त्या भागाला एशाम्पला म्हणतात, म्हणजे वाढीव शहर. हे आखणारा माणूस आर्किटेक्ट नव्हता, आपल्यासारखा सिव्हिल इंजिनिअर होता, हे वाचून कॉलर जरा ताठ झाली. पुढचं वाचल्यावर मात्र ती पुन्हा खाली आली.

त्याचं नाव इल्देफोन्स सेर्दा. जन्म २३ डिसेंबर १८१५, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात, सेंतेल्येस गावाजवळच्या एका खात्यापित्या जमीनदार घरात. धाकटा असल्यामुळे इस्टेट वाट्याला येण्याची शक्यता नव्हती, म्हणून शिकला. आधी बार्सिलोनात गणित आणि वास्तुकला, मग माद्रिदच्या रस्ते, कालवे आणि बंदरं यांच्या सरकारी इंजिनिअरिंग विद्यालयात. १८४१ साली पास झाला आणि सरकारी नोकरीत रस्त्यांच्या कामावर लागला. त्या काळात आगगाडी नवीन होती. दक्षिण फ्रान्समध्ये त्यानं ती पाहिली आणि तो हादरलाच. माणसं एवढ्या वेगानं, एवढ्या संख्येनं फिरायला लागली तर जुन्या गल्ल्यांच्या शहरांचं होणार काय? हा प्रश्न त्याच्या डोक्यात जो शिरला तो मरेपर्यंत निघाला नाही.

पुढे भावांच्या मृत्यूनंतर इस्टेट त्याच्याकडे आली आणि १८४९ साली या माणसानं चक्क सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. का, तर शहराचा अभ्यास करायचा म्हणून! (हा भाग मी घरी वाचून दाखवलेला नाही.)

आता बार्सिलोनाची तेव्हाची अवस्था समजून घ्यायला हवी, नाहीतर सेर्दाचा वेडेपणा कळणार नाही. १७१४ साली पाचव्या फिलिप राजाच्या सैन्यानं वेढा घालून शहर जिंकलं. शहरानं पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून शेजारी मोठा किल्ला बांधला आणि शहराभोवतीची तटबंदी कायम ठेवली. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात कुणीही पक्कं बांधकाम करायचं नाही, असा लष्करी नियम होता. पुढे कापडाच्या गिरण्या आल्या, खेड्यांतून मजूर आले, लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली, पण तट तिथेच. बाहेर शेकडो हेक्टर मैदान रिकामं आणि आत माणसावर माणूस. घरं उंच होत गेली, वरचे मजले गल्लीवर पुढे आले, अंगणं बुजली. १८३४ ला कॉलरा, १८५४ ला पुन्हा कॉलरा. हजारो माणसं मेली. म्हणजे सरकारी नियमानं शहर गुदमरू शकतं हे बार्सिलोनाला कुणी शिकवायची गरज नव्हती. १८४१ सालीच नगरपालिकेच्या एका निबंध स्पर्धेत मोन्लाउ नावाच्या डॉक्टरनं तट पाडा असं लिहून बक्षीस मिळवलं होतं. तट पाडायला प्रत्यक्ष परवानगी मिळाली १८५४ मध्ये.

तट पडायला लागला आणि पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, सेर्दानं बाहेरच्या सगळ्या मैदानाचा सर्व्हे पुरा केला. स्केल १:१२५० आणि एक-एक मीटरवर कंटूर! मित्रांनो, सर्व्हे कॅम्पला एक टेकडी करताना आपली काय दशा झाली होती ते आठवा. क्लोजिंग एरर लपवायला रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो. आणि इथे टोटल स्टेशन नाही, कॅल्क्युलेटर नाही, अख्खं मैदान.

पण मला त्याचं दुसरं काम जास्त भारी वाटतं. १८५६ च्या सुमारास त्यानं बार्सिलोनाच्या मजुरांचा अभ्यास केला. मजुरी किती, भाडं किती, खायला किती लागतं, एका खोलीत किती जण झोपतात, हे सगळं आकड्यांत मांडलं. कोणत्या वर्गातली माणसं किती जगतात याचे तक्ते केले. मजूर श्रीमंतांपेक्षा कितीतरी आधी मरत होते. त्यानं याचं कारण नशिबात शोधलं नाही, खोलीतल्या हवेत शोधलं. एका माणसाला किती घनमीटर हवा लागते, यावरून खोली, खोलीवरून घर, घरांवरून चौक, असा तो वर चढत गेला. आपण कॉलमचं डिझाइन लोडपासून सुरू करतो ना, अगदी तसं.

त्यातून नकाशा निघाला. ११३ मीटरच्या आसपास बाजू असलेले चौकोन, मध्ये २० मीटरचे रस्ते, निम्मी रुंदी गाड्यांना आणि निम्मी पायी चालणाऱ्यांना. १८५९ साली! वाफेच्या गाड्यांना वळता यावं आणि चौकात समोरचं दिसावं म्हणून कोपरे छाटलेले. चौकोन उत्तरेला ४५ अंशांत फिरवलेले, म्हणजे प्रत्येक बाजूला कधी ना कधी ऊन येणार. पंचवीस चौकोनांमागे शाळा, त्याहून मोठ्या गटाला बाजार, आणखी मोठ्याला दवाखाना. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौकोनाच्या चारही बाजू बांधायच्या नाहीत. फक्त दोन बाजूंना इमारती, उंची १६ मीटर, आणि बाकी सगळी मोकळी जागा, बाग. मालक कुणीही असो, मधलं अंगण राखायचं.

जमीन तर खाजगी होती, मग रस्ते कुठून काढायचे? त्यावरही त्याचं उत्तर होतं. मालकांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्त्यांची जागा वजा करायची आणि राहिलेले सरळ प्लॉट त्यांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यायचे. आपल्याकडे १९१५ च्या मुंबई टाउन प्लॅनिंग कायद्यानं जी टी. पी. स्कीम आली, तिचं तत्त्व हेच. आम्ही ती पाच मार्कांसाठी पाठ केली होती.

मंजुरीची कथा मात्र खास राजकारणी आहे. जून १८५९ मध्ये माद्रिदच्या सरकारनं सेर्दाचा नकाशा मंजूर केला. बार्सिलोनाची नगरपालिका भडकली, कारण शहर आमचं आणि नकाशा माद्रिदचा! तिनं स्वतःची स्पर्धा घेतली आणि रोविरा नावाच्या आर्किटेक्टला पहिलं बक्षीस दिलं. १८६० मध्ये सरकारनं शेवटचा शब्द टाकला, सेर्दाचाच नकाशा होणार. आर्किटेक्ट लोकांनी त्याला कधी माफ केलं नाही. पण यात एक मेख होती. नकाशाला जे बळ मिळालं ते सेर्दानं सोबत दिलेल्या बांधकामाच्या नियमांना आणि पैशाच्या योजनेला मिळालं नाही. म्हणजे रस्त्याची रेषा सरकारची, पण रेषेच्या आत काय होणार हे नगरपालिका आणि मालकांवर.

इथून पुढचं मी दोनदा वाचलं, कारण मला आमच्या ओळीतली चार घरं दिसत होती.

कुणी एका रात्रीत अंगण बुजवलं नाही. आधी तिसरी बाजू बांधायला हवी असं मालकांचं म्हणणं आलं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं हो! रस्त्यात एवढी जागा गेली, उरलेल्या प्लॉटच्या अर्ध्याहून जास्त जागेत फुलझाडं लावायची तर पैसा कसा सुटणार? तिसरी बाजू झाली, मग चौथी झाली. मग मध्ये फक्त तळमजल्याला वखार चालेल. मग वर्कशॉप. १८६३ च्या सुधारित नकाशात खुद्द सेर्दानंही काही बाबतींत माघार घेतली. सेर्दा मेल्यावर १८९१ च्या नगरपालिकेच्या नियमावलीनं उंची आणि खोली दोन्ही वाढवून दिली. विसाव्या शतकात, फ्रँकोच्या हुकूमशाहीत, वर आणखी मजले चढले. सेर्दानं एका चौकोनात जेवढं आकारमान धरलं होतं त्याच्या चौपटीहून जास्त बांधकाम शेवटी बसलं. आणि यातलं बरंचसं बेकायदा नव्हतं! आधी लोक बांधायचे, मग नियम त्यांच्यामागून चालत यायचा. आपल्याकडच्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याबद्दल सर शिकवत होते तेव्हा मी झोपलो होतो. आता जाऊन वाचला.

एक गंमत सांगतो. अँटोनी गाउदीची कासा मिला ही इमारत आज पोस्टरवर असते. ती १९०६ ते १९१२ मध्ये याच एशाम्पलात झाली. तिचा एक खांब फुटपाथवर आला होता आणि इमारत मंजूर आकारमानाच्या पुढे गेली होती. नगरपालिकेनं काम अडवलं, मालकाला मोठा दंड सांगितला. शेवटी १९०९ मध्ये ही वास्तू स्मारकाच्या तोलाची आहे, तिला नियम लागू नाहीत, असं ठरवून प्रश्न मिटवला. इमारत सुंदर आहे यात वाद नाही. पण शेजारच्या साध्या मालकाला काय वाटलं असेल?

रस्ते मात्र बघा. २० मीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी आजही २० मीटर. कारण रस्त्याची जागा सार्वजनिक, तिच्यावर सगळ्यांचा डोळा. अंगण खाजगी, आणि त्याच्यावर डोळा फक्त मालकाचा. सेर्दानं अंगणाचं गणित बरोबर केलं, ते राखायला कोण बसणार हे मात्र नगरपालिकेच्या भरवशावर सोडलं, जिला मुळात तो नकाशाच नको होता.

सेर्दाचं स्वतःचं काय झालं? १८६७ साली त्यानं शहरीकरणाच्या सिद्धांतावर दोन खंडांचा ग्रंथ छापला. अर्बनायझेशन हा आपल्या सिलॅबसमधला शब्द ज्या स्पॅनिश शब्दाशी जोडला जातो तो त्यानंच चलनात आणला. राजकारणात पडला, नगरसेवक झाला, १८७३ च्या प्रजासत्ताकात बार्सिलोना प्रांताच्या कारभारातही होता. घर मात्र मोडलं, बायकोशी पटलं नाही. वडिलोपार्जित पैसा सर्व्हे, अभ्यास आणि पुस्तकांत गेला आणि केलेल्या कामाचे पैसे नीट मिळाले नाहीत. २१ ऑगस्ट १८७६ रोजी उत्तर स्पेनमध्ये काल्दास दे बेसाया या गरम झऱ्यांच्या गावी तो वारला, जवळजवळ कफल्लक.

पुढे बार्सिलोनानं १९७६ च्या महानगर आराखड्यात बांधकामाला लगाम घातला. १९८७ पासून नगरपालिका एकेक अंगण मिळवून, त्यातली शेड पाडून, तिथे बागा करते आहे. पहिल्या अंगणात जुना पाण्याचा मनोरा होता, तिथे आता उन्हाळ्यात लहान मुलांसाठी उथळ तळं असतं. २०२३ मध्ये कोन्सेय दे सेंत या रस्त्याचा मोठा भाग पायी चालणाऱ्यांना दिला. जे राखायला फुकट होतं ते परत मिळवायला किती पैसा आणि किती वर्षं लागतात!

सबमिशन संपल्यावर मी घरी गेलो आणि टेप लावून मागची जागा मोजली. तीन मीटर नव्हतीच, २.७० भरली. आजीची खोली तिथे केली तर तिची खिडकी शेजारच्या वाढीव भिंतीकडे उघडणार, मध्ये हातभर फट. ऊन नाही, वारा नाही. मग मी ट्रेसिंग पेपरवर दुसरा प्लॅन काढला. माझी आणि ताईची खालची खोली आजीला, आणि आम्हा दोघांसाठी वर गच्चीवर एक खोली, जेवढा एफएसआय शिल्लक आहे तेवढ्यात, रीतसर मंजुरी घेऊन. खर्च जास्त येतो, वेळही जास्त जातो. ताईला तो पसंत आहे. आजी म्हणते कुठेही टाका, पण संडास जवळ हवा. बाबांनी प्लॅन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, पायऱ्यांची मापं विचारली आणि घडी करून कपाटात ठेवला.