थिअरीच्या पेपरमागचा माणूस

गाण्याच्या परीक्षांना बसला असाल तर थिअरीचा पेपर तुमच्या चांगलाच ओळखीचा असेल. थाट लिहा, आरोह-अवरोह लिहा, वादी-संवादी लिहा, पकड लिहा. राग गळ्यात बसला नसला तरी पाठांतरावर मार्क पडतात. पेपर झाला की आपण ज्यांच्या नावानं बोटं मोडतो, ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. गाण्याचं व्याकरण केलं आणि गाणं सुकवलं, हा आरोप त्यांच्यावर जुनाच आहे.

आरोपात तथ्य किती, ते त्यांचं आयुष्य बघून तुम्हीच ठरवा. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत, वाळकेश्वरला. शिक्षण वकिलीचं, नाद सतारीचा आणि गाण्याचा. मैफली गाजवणारे गवई ते कधीच नव्हते. गायन उत्तेजक मंडळीत रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं घेतली, मुसलमान उस्तादांकडून ख्याल घेतले. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी. त्यानंतर वकिली मागेच पडली आणि १९०४ मध्ये हा माणूस दक्षिणेकडे निघाला. मद्रास, तंजावर, एट्टयपुरम. पुढच्या काही वर्षांत कलकत्ता, बनारस. ग्रंथ शोधायचे, पंडितांना गाठायचं, उस्तादांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. (हे प्रश्न विचारताना ते बरेचदा उर्मट वाटले असणार, असं मला वाटतं. घराण्याची विद्या जपून बसलेल्या माणसाला एक वकील उलटतपासणी घेतोय!)

या शोधात त्यांना काय मिळालं? जुन्या संस्कृत ग्रंथांत रागांची नावं तीच, पण स्वर वेगळे. ग्रंथांतलं शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळ जाणारं, आणि गवई मात्र बिलावल शुद्ध धरून गात होते. आता चूक कोण, ग्रंथ की गवई? कोरडा शास्त्री असता तर त्यानं ग्रंथ पुढे केला असता. भातखंड्यांनी गवयाचं ऐकलं. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचं नावच 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्ष गायलं जाणारं संगीत. आणि त्याचं सविस्तर विवेचन कुठल्या भाषेत, तर मराठीत! 'हिंदुस्तानी संगीत पद्धति'चे चार भाग चक्क गुरू-शिष्यांच्या गप्पांसारखे आहेत.

आता तुमच्या वहीतल्या दहा थाटांकडे या. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलमध्ये. का? भूपात मध्यमच नाही, मग तो तीव्र की शुद्ध हे ठरवणार कशावरून? कागदावर याचं उत्तर सापडत नाही. भूप गंधाराशी रेंगाळतो, संध्याकाळी गायला जातो, त्याची चाल कल्याणच्या वळणाची. देशकार धैवतावर उभा, सकाळचा, वरच्या अंगात खेळणारा. हे कानाला कळतं. म्हणजे ज्या तक्त्याला आपण रुक्ष म्हणतो, त्याच्या चौकटी आखायलाही कानच लागला. अर्थात हा तक्ता गळका आहेच. अहीर भैरवला भैरव थाटात बसवलंय खरं, पण त्याचा कोमल निषाद त्या थाटात मावत नाही.

बंदिशींचं काम त्याहून मोठं. उस्तादांच्या घरातल्या बंदिशी शिकून, स्वरलिपीत उतरवून त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत आणल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब. जी चीज मिळवायला वर्षानुवर्षं गुरूची सेवा करावी लागायची, ती पुस्तकात आली. पण मींड, ठहराव, शब्द टाकायची लकब? ती रेघेत आणि टिंबात उतरत नाही. त्यांनी स्वतः 'चतुर' नावानं लक्षणगीतं रचली, ज्यात रागाचे नियमच शब्द होऊन येतात. खरं सांगायचं तर त्यातली काही पाठ करायला सोयीची आहेत, पुन्हा पुन्हा गावीशी वाटत नाहीत.

हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. त्यांचा लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. शास्त्र घरचंच होतं, पण गायकीसाठी त्याला बडोद्याला उस्ताद फैयाज खाँकडे शिकायला धाडलं. १९२६ मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज सुरू झालं, आणि पुढे याच रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. के. जी. गिंडे, दिनकर कायकिणी तिथेच घडले. रातंजनकरांनी 'सुजान' नावानं शेकडो बंदिशी बांधल्या, नवे रागही रचले.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणात काढून १९ सप्टेंबर १९३६ ला ते गेले. मॅरिस कॉलेजला आज त्यांचंच नाव आहे. आणि थिअरीचा पेपर, तो अजून तुमच्यापुढे आहेच. या वेळी भूप नि देशकारचा प्रश्न आला, तर लिहिण्याआधी दोन्ही एकदा मनात गुणगुणून बघा.